वारसा परिसरातलं घर आणि गल्ली: परवानग्या, समिती आणि देखरेखीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारसा परिसराचे नियम शहरागणिक बदलतात. मुदती, शुल्क, अर्जाचे नमुने हे तुमच्या नगरपालिकेतच विचारावं लागेल. लोकांना पडणारे प्रश्न मात्र सगळीकडे जवळपास तेच असतात. रस्त्याविषयीचं उत्तर खाली बरंच लांबलं आहे, आणि ते मुद्दाम. घराबद्दल सगळे विचारतात, गल्लीबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

माझं घर काही स्मारक नाही. मग त्याला नियम कशाला?

नियम तुमच्या एकट्या घराला नाहीत, ओळीला आहेत. परिसर जाहीर होतो तेव्हा त्यात घरांची उंची, छपरांचे उतार, खिडक्यांची लय, दारं रस्त्याला किती भिडलेली आहेत, गल्लीची रुंदी, चौक, झाडं हे सगळं एकत्र धरलेलं असतं. मधलं एखादं घर वीस-तीस वर्षांपूर्वीचं असलं तरी ते त्या ओळीतच उभं आहे.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या फ्रेंच वस्तीत नेमका हाच वाद कोर्टात गेला होता. एका पेट्रोल पंपाच्या मालकाने भला मोठा फलक लावला. त्याचं म्हणणं असं की माझी इमारत नवी, तिला कसलंही ऐतिहासिक मूल्य नाही, तेव्हा वारसा आयोगाने माझ्या वाटेला जाऊ नये. १९४१ मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायद्याचा हेतू सुट्या जुन्या इमारती वाचवण्यापुरता नाही, अख्ख्या वस्तीचं रूप जपण्याचा आहे, असा त्या निकालाचा गाभा. जगभर आजही वारसा परिसराचं समर्थन साधारण याच युक्तिवादावर होतं.

परवानगी देण्याचे हे अधिकार स्थानिक वारसा समितीकडेच का? वरच्या सरकारने ठरवलं तर काय बिघडलं?

काही देशांत वरूनच ठरतं. फ्रान्समध्ये १९४३ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाभोवतीच्या ५०० मीटरच्या टप्प्यातली कामं सरकारी वास्तुविशारदाच्या नजरेखाली आली, आणि १९६२ च्या मालरो कायद्याने अख्ख्या जुन्या वस्त्या संरक्षित करण्याची सोय केली. हा कारभार शिस्तीचा, पण लांबचा.

दुसरी वाट खालून वर जाते. अमेरिकेत चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये स्वतःचा वारसा विभाग आखला आणि बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी मंडळ नेमलं. तिथेही ठिणगी पडली ती पेट्रोल पंपांमुळेच. त्यांच्यासाठी जुनी घरं पाडली जात होती. (मोटारगाडीने वारसा कायद्यांना नकळत किती हातभार लावला, हा वेगळा विषय.) गंमत म्हणजे सुरुवातीला या मंडळाला पाडकाम रोखण्याचाच अधिकार नव्हता, तो पुढे टप्प्याटप्प्याने मिळाला. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने परिसर ठरवण्याचं काम स्थानिक परिषदांकडे गेलं. पहिला मान स्टॅमफर्ड गावाचा, आणि आज एकट्या इंग्लंडमध्ये असे सुमारे १०,००० परिसर आहेत. जपानमधल्या त्सुमागो या जुन्या हमरस्त्यावरच्या मुक्कामाच्या गावात तर रहिवाशांनीच १९७१ मध्ये आपसात ठराव केला: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, मोडायचं नाही. राष्ट्रीय कायद्यात अशा वस्त्यांसाठी तरतूद झाली ती त्यानंतर, १९७५ मध्ये. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. तिच्यात वास्तूंच्या श्रेणींबरोबर वारसा परिसरांनाही जागा मिळाली.

स्थानिक देखरेखीचा फायदा साधा आहे: निर्णय घेणारा त्याच गल्लीतून चालत जाऊ शकतो. तोटाही तोच. अर्जदार त्याच्या ओळखीचा असतो.

कोणत्या कामाला परवानगी लागते?

बहुतेक ठिकाणी एकच कसोटी: रस्त्यावरून दिसतं का? दर्शनी भिंत, छप्पर, खिडक्या-दारं, सज्जे, कठडे, कुंपण, दुकानाचा फलक, वाढीव बांधकाम आणि अर्थातच पाडकाम. घराच्या आत स्वयंपाकघर कुठे हलवायचं यात समिती सहसा पडत नाही. मात्र घर स्वतंत्रपणे संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेलं असेल तर आतलंही विचारावं लागतं. जसं होतं तसंच, त्याच साहित्यात दुरुस्त करायचं असेल तर अनेक ठिकाणी पूर्ण सुनावणी न होता कार्यालयातूनच मंजुरी मिळते.

झाडं विसरू नका. इंग्लंडमध्ये अशा परिसरात दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोडाचं झाड तोडण्याआधी सहा आठवडे आगाऊ कळवावं लागतं. तुमच्याकडचा आकडा वेगळा असेल, पण नियम बहुधा असेलच.

आणि रंगासाठी?

काही ठिकाणी लागते, काही ठिकाणी नाही. पूर्वी कधीच न रंगवलेल्या दगडाला किंवा विटेला रंग देऊ नका, हे मात्र सगळीकडे सारखं. रंग चढवायला एक दिवस पुरतो, तो उतरवताना दगडाचा पृष्ठभागही सोबत निघतो.

लाकडी खिडक्या सडल्या आहेत. त्या काढून प्लॅस्टिकच्या बसवल्या तर एवढा गहजब का?

एकदा जवळ जाऊन बघा. जुन्या खिडकीची चौकट बारीक असते आणि तिच्या पट्ट्यांना खाचा-गोलाई असते. चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून आत बसवलेली असते, त्यामुळे भोवती सावली पडते. काच किंचित लहरी असेल तर समोरच्या घराचं प्रतिबिंब तिच्यात थरथरतं. प्लॅस्टिकची चौकट जाड, त्यामुळे काच कमी होते. पट्ट्या नुसत्या वरून चिकटवलेल्या. आणि कारागीर बहुतेक वेळा ती भिंतीच्या कडेलाच आणून बसवतो. एका घरात हे झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. ओळीतल्या सहा घरांत झालं की ओळ सपाट दिसू लागते, आणि काय बदललं ते कुणाला सांगता येत नाही.

शिवाय सडणं बहुधा सगळीकडे नसतं. पाणी साचतं ते खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणून तीच आधी जाते. तेवढा भाग कापून नव्या लाकडाचा जोड दिला, सांधे घट्ट केले, काचेभोवतीची लांबी (पुट्टी) नव्याने भरली आणि रंग दिला की खिडकी पुन्हा कामाला लागते. वारा आणि आवाज यांचा त्रास असेल तर आतल्या बाजूने दुसरी काच बसवता येते; ती रस्त्यावरून जवळपास दिसत नाही आणि उद्या काढताही येते. खिडकी खरोखरच हाताबाहेर गेली असेल तर त्याच मापाची, त्याच घडणीची लाकडी खिडकी करायला समित्या सहसा हो म्हणतात. अर्जासोबत सडलेल्या भागाचे जवळून काढलेले फोटो द्या. लांबून काढलेल्या फोटोवरून काहीच कळत नाही.

भिंतीची डागडुजी सिमेंटने करू नका असं का सांगतात? सिमेंट तर जास्त मजबूत.

म्हणूनच. जुन्या विटा मऊ असतात, आणि त्यांच्यामधला चुना त्याहून मऊ. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, बाहेर पडते. तिथे कडक सिमेंट भरलं की ती वाट बंद होते आणि ओल विटेतून निघू लागते. पाणी उडून जातं, सोबतचे क्षार विटेच्या कातडीमागे स्फटिक होऊन बसतात, आणि काही वर्षांत विटेचा तोंडाचा पापुद्रा सुटून पडतो. दरजा शाबूत, विटा पोखरलेल्या, असं दृश्य दिसलं तर समजा की मधल्या काळात कुणीतरी ‘मजबूत’ काम करून गेलंय. दरजेने आधी झिजावं, विटेने नाही, हेच जुन्या बांधकामाचं गणित.

दरजा खरवडताना यंत्राचं पातं चालवू देऊ नका. विटांच्या कडा जातात, सांधे रुंद होतात आणि भिंतीचा चेहरा बदलतो. हाताने, छिन्नीने, वेळ घेऊन. चुन्याचं काम काही दिवस ओलसर ठेवावं लागतं. घाईतला कंत्राटदार नेमकं तेच टाळतो.

नवं बांधकाम जुन्यासारखंच दिसलं पाहिजे का?

नाही, आणि हा गैरसमज समितीतल्या काही सदस्यांचाही असतो. वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि हरवलेल्या भागाच्या जागी काही बसवलं तर ते एकूण वास्तूशी जुळलं पाहिजे पण मूळपासून वेगळं ओळखता आलं पाहिजे. मोकळ्या भूखंडावरच्या नव्या घराकडून अपेक्षा असते ती उंची, रुंदी, छपराचा उतार, रस्त्यापासूनचं अंतर, खिडक्या आणि भिंत यांचं प्रमाण, साहित्याचा पोत एवढी पाळण्याची. नकली कमानी आणि खोटे कोरीव खांब लावलेलं घर बहुधा शेजारच्या खऱ्या घराचीच किंमत कमी करतं.

पुढची भिंत ठेवून मागे सगळं नवं बांधण्याची पद्धतही बरीच चालते. माझं मत स्पष्ट आहे: ही पाडकामालाच दिलेली मंजुरी आहे, फक्त पडदा शिल्लक ठेवलेली. कधी कधी आग किंवा कोसळण्यानंतर तेवढंच हाती उरतं, तेव्हा गोष्ट वेगळी.

रस्ता, फुटपाथ, दिवे, गटारं यांच्यावर देखरेख कुणाची?

इथेच घोडं अडतं. घरमालकाने खिडकी बदलली तर त्याला नोटीस येते; त्याच घरासमोरची शंभर वर्षांची दगडी फरसबंदी एका रात्रीत डांबराखाली गेली तर नोटीस द्यायची कुणाला, हेच ठरलेलं नसतं. रस्ता एका खात्याचा, पाणी दुसऱ्याचं, वीज तिसऱ्याची, केबल टाकणारी कंपनी चौथी. प्रत्येकाकडे आपापली परवानगी असते आणि ती देताना वारसा समितीला विचारलेलं असेलच असं नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरातही पालिकेच्या स्वतःच्या अनेक कामांवर वारसा आयोग परवानगी देत नाही, सल्लावजा अहवाल देतो. नागरिकाला बंधन आणि सरकारला सल्ला, हा फरक अनेक नियमावल्यांमध्ये आहे, आणि परिसराची सगळ्यात जास्त झीज या फटीतून होते असं मला वाटतं.

खरं तर रस्ता हा वारशाचाच भाग आहे. ऐतिहासिक शहरांसाठीच्या १९८७ च्या वॉशिंग्टन सनदेत जपायच्या गोष्टींची यादी सुरू होते तीच रस्ते आणि भूखंड यांच्या मांडणीपासून. तेव्हा रस्त्याच्या कामात लक्ष कुठे ठेवायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट पातळी. जुना थर न खरवडता दर वेळी वरून नवा थर टाकला की रस्ता इंच इंच वर चढतो. काही फेऱ्यांनंतर फुटपाथच्या कडेचा दगड जेमतेम डोकं वर काढतो, घराचं जोतं बुडतं, पहिली पायरी नाहीशी होते आणि पावसाचं पाणी दारात येतं. मग मालक उंबरा उंच करतो, भिंतीला खालून सिमेंट थापतो, आणि त्याच्यावर नियमभंगाचा ठपका येतो. कामाच्या कागदपत्रांत ‘आधी खरवडून मगच नवा थर’ ही अट आहे का, एवढं विचारलं तरी खूप वाचतं.

दुसरी गोष्ट खोदाई. जलवाहिनीसाठी फरसबंदी उचलली जाते, दगड कडेला टाकले जातात, काम संपेपर्यंत निम्मे गायब होतात, उरलेला चर डांबराने बुजवला जातो. यावर उपाय माहीत असलेला आहे: उचलण्याआधी फोटो, दगडांवर खडूने क्रमांक, मोजून रचलेली थप्पी, त्या थप्पीची जबाबदारी नाव लिहून कुणावर तरी, आणि अनामत रक्कम फरसबंदी परत बसेपर्यंत न सोडणं. शेवटची अट नसेल तर आधीच्या चारही कागदावरच राहतात.

मग किरकोळ वाटणाऱ्या वस्तू: दिव्याचे खांब, गटारावरची ओतीव झाकणं, पाणपोया, कडेचे दगड, गाडीचाक लागू नये म्हणून कोपऱ्यावर रोवलेले खुंट. यांची यादी बहुतेक परिसरांत केलेलीच नसते, म्हणून त्या कधी गेल्या हे कुणाला सांगता येत नाही. उलट नव्या वस्तूंची भर पडत राहते. प्रत्येक सूचनाफलकाला स्वतःचा खांब, प्रत्येक कंपनीची स्वतःची पेटी. दोन फलक एका खांबावर किंवा भिंतीवर घेणं हे स्वस्त आणि लगेच जमण्यासारखं काम आहे. तारांचंही तसंच. त्सुमागोत मुख्य रस्त्यावरून विजेच्या तारा दिसणार नाहीत अशा हलवल्या आणि दिवसा गाड्यांना बंदी केली. तिथलं जुनेपण इतकं ठसतं त्यात घरांइतकाच या दोन निर्णयांचा वाटा आहे.

आणि कोपरे. वाहनांना वळायला सोपं जावं म्हणून कोपरा ‘थोडा’ गोल करणं, फुटपाथ ‘थोडा’ आत घेणं हे नकाशावर रेघेएवढं दिसतं. प्रत्यक्षात गल्ली जिथे चौकात उघडते ती जागाच सैल होते.

उखडलेल्या दगडी रस्त्यावर चाकाची खुर्ची कशी जाणार? वारसा म्हणून लोकांनी घरात बसायचं का?

मुळीच नाही. ज्या समितीला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही तिने आणखी अभ्यास करावा. तेच दगड वरून कापून सपाट करून पुन्हा घट्ट बसवता येतात. सगळा रस्ता नाही तर ओलांडण्याच्या जागी आणि एका कडेने सपाट पट्टा देता येतो. दारात उतार करायचा असेल तर तो पायऱ्या न फोडता, वरून ठेवलेला आणि काढता येण्याजोगा असावा.

सोलर पॅनेल, एसीचं बाहेरचं यंत्र, डिश अँटेना?

मागच्या उतारावर, मागच्या भिंतीवर किंवा कठड्याआड. जागा बदलली की बहुतेक वाद मिटतो. भिंत भोसकताना छिद्र दरजेत पाडा, दगडात किंवा विटेत नको.

समितीत कोण असतं, आणि निर्णय कशावर होतो?

साधारणपणे वास्तुविशारद, संवर्धनतज्ज्ञ, इतिहासाचा जाणकार, अभियंता, परिसरातले एक-दोन रहिवासी आणि पालिकेचा अधिकारी. निर्णय छापील मार्गदर्शक तत्त्वांवर व्हायला हवा, सदस्यांच्या आवडीवर नाही. ‘बरं दिसत नाही’ हे कारण होत नाही. ‘शेजारच्या चार घरांची छपराची कड एका रेषेत आहे, प्रस्तावित कड तिच्यावर जाते’ हे कारण.

चांगली समिती ओळखायच्या माझ्या लेखी दोन खुणा आहेत. नकार असो वा होकार, कारणं लेखी देते. आणि सदस्याचा स्वतःचा, नातेवाइकाचा किंवा अशिलाचा अर्ज आला की तो सदस्य खोलीबाहेर जातो, नुसता गप्प बसत नाही. ठरलेल्या मुदतीत उत्तर देणं हेही तितकंच महत्त्वाचं. उत्तर यायला सहा महिने लागत असतील तर लोक विचारणंच सोडून देतात आणि सुट्टीच्या दिवशी काम उरकतात.

अर्जासोबत काय काय द्यावं?

नमुन्यात मागितलेलं तर द्याच. त्याशिवाय समोरून पूर्ण ओळीचा फोटो, ज्यात तुमच्या दोन्ही बाजूंची किमान दोन-दोन घरं दिसतील, बदलणाऱ्या भागाचे जवळचे फोटो, आत्ताचं आणि प्रस्तावित अशी एकाच प्रमाणातली रेखाचित्रं, साहित्याचा नमुना. घराचा जुना फोटो कुणाकडे असेल तर शोधा. काढून टाकलेला कठडा नेमका कसा होता याचा पुरावा मिळाला की तो परत बसवायला मंजुरी पटकन मिळते. आणि आराखडा पक्का करण्याआधी कार्यालयात जाऊन एकदा तोंडी विचारून या. तिथला कारकूनसुद्धा कोणता मुद्दा अडेल ते बरोबर सांगतो.

परवानगी नाकारली तर माझ्या मालमत्तेवरच घाला नाही का?

अपील करता येतं, आणि घराचा काहीच वापर उरत नाही असं आकड्यांनिशी दाखवता आलं तर बहुतेक कायद्यांत सवलतीची तरतूद असते. पण जास्तीत जास्त नफा देणारा वापर मिळाला नाही एवढ्याने घाला ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये पेन स्टेशनची भव्य इमारत १९६३ पासून पाडली गेली, त्या धक्क्यातून १९६५ चा वारसा कायदा आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनवर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा उभारायला आयोगाने नकार दिला तेव्हा रेल्वे कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल शहराच्या बाजूने लागला. न वापरता आलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या इतर भूखंडांवर नेता येत होता, हेही न्यायालयाने विचारात घेतलं. हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून ही कल्पना आपल्याकडेही ओळखीची आहे.

परवानगी न घेता काम उरकलं तर काय होईल? दंड भरून सुटता येतं ना?

अनेकदा येतं, आणि तेच दुखणं आहे. दंड नफ्याच्या मानाने फुटकळ असेल तर बिल्डर तो खर्चातच धरतो. पण नेहमी सुटता येत नाही. लंडनमधल्या मेडा व्हेल भागातला कार्लटन टॅव्हर्न हा १९२० च्या सुमाराचा पब. तिथे फ्लॅट बांधायची परवानगी नाकारली गेली होती आणि इमारत संरक्षित यादीत घ्यायची तयारी चालू होती. तेवढ्यात एप्रिल २०१५ मध्ये मालकाने ती पाडून टाकली. वेस्टमिन्स्टर परिषदेने दंडावर भागवलं नाही. जशी होती तशी, विटेला वीट लावून पुन्हा बांधा, असा आदेश काढला. अपिलातही तो टिकला. हे शक्य झालं कारण यादीच्या तयारीसाठी तपासणी करताना टाइल्सचे साचे आणि फोटो घेऊन ठेवलेले होते. एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. नोंद नसती तर ‘जशी होती तशी’ म्हणजे कशी, यावरच वाद संपला असता.

आणि मालकाने घर मुद्दाम पडू दिलं तर?

पन्हळ तुंबलेली, कौलं सरकलेली, आत पाणी. दोन-तीन पावसाळ्यांत ‘धोकादायक इमारत’ असा शिक्का मिळतो आणि पाडकाम कायदेशीर होतं. यावर तोडगा म्हणजे किमान देखभालीचा नियम आणि समितीला तातडीची डागडुजी स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार. मात्र मालकाची खरोखर ऐपत नसेल तर नोटिशीने छप्पर शाकारलं जात नाही. तिथे अनुदान किंवा बिनव्याजी कर्जच लागतं.

वारसा परिसर झाला की भाडी वाढतात आणि मूळ लोक जातात, हे खरं का?

अनेक ठिकाणी झालंय. नियम भिंतींना असतात, भाडेकरूंना नसतात. इटलीतल्या बोलोन्या शहराने १९७३ मध्ये वेगळा मार्ग धरला: जुन्या शहराची दुरुस्ती सार्वजनिक गृहनिर्माणाच्या निधीतून करायची आणि राहत्या लोकांना तिथेच ठेवायचं. ते ठरवलं होतं तितकं पूर्णत्वाला गेलं नाही, पण घरं आणि माणसं एकाच आराखड्यात धरता येतात हे त्यातून दिसलं.

जागतिक वारसा यादीत असलेल्या शहराला या सगळ्याची गरज आहे का?

आहे, जास्तच. यादी युनेस्कोची, पण परवाने स्थानिक. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीवरच्या पुलाला लोकांनी २००५ मध्ये मतदानाने पसंती दिली, पुलाचं काम सुरू झालं, आणि २००९ मध्ये तिथलं नदीचं खोरं यादीतून गेलं. गोदी भागातल्या नव्या बांधकामांमुळे लिव्हरपूलचंही २०२१ मध्ये तेच झालं.

मला काहीच बांधायचं नाही. मग सुनावणीला जाऊन मी काय करू?

विषयपत्रिका आधी मिळवा आणि तुमच्या गल्लीतला अर्ज आहे का बघा. बोलताना मुद्दा मोजता येईल असा ठेवा: किती उंच, किती पुढे, कोणत्या साहित्यात. सोबत फोटो असला तर दोन मिनिटं पुरतात. शेजाऱ्याचं काम नियमाबाहेर वाटत असेल तर तक्रारीआधी मंजुरीचा कागद पाहून घ्या, तो बहुधा दारावर लावणं बंधनकारक असतं. रस्त्याची कामं मात्र समितीच्या विषयपत्रिकेत सापडणार नाहीत, ती बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात असतात. ते मंजूर होण्याआधी वाचा, आणि गल्लीचं नाव दिसलं तर निविदा निघण्याआधीच समितीला लेखी कळवून पोच घ्या.